विमानांतील खरखर



विमान आणि बिनतारी संदेश हीं दोन्ही बहुधा एकाच पिढींतलीं अपत्यें. मार्कोनीचा संदेश १९०१ सालीं अटलांटिक महासागर ओलांडून गेला. राइट बंधूंचें विमान १९०३ सालीं उडालें. ता. २७ ऑगस्ट १९१० रोजीं न्यूयॉर्कजवळ मॅककर्डी या वैमानिकानें उडत्या विमानांतून जमिनीवर सांकेतिक लिपींत संदेश धाडला आणि दोहोंची गांठ पडली. परंतु या स्नेहांत एक विघ्न आरंभापासून होतें. तें म्हणजे विमानाच्या पोटांतच उपजणारी खरखर. हें विघ्न एकदां शमल्यावर नव्या रूपानें पुनः पुनः कसें आलें, तें आज पाहूं.

पहिला अपराधी इंजिन. पेट्रोल पेटविण्यास ठिणगी लागते, आणि ठिणगी म्हणजे मूळचेंच प्रेषणयंत्र! हर्ट्झनें १८८७-८८ च्या सुमारास विद्युत्-लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच योगानें. साहजिकच इंजिनाची प्रत्येक ठिणगी वैमानिकाच्या कानांत कडकडूं लागली. १९२० नंतरच्या दशकांत यावर उपाय निघाला. ठिणगीकडे जाणाऱ्या तारा धातूच्या विणलेल्या वेष्टनांत घालून तें वेष्टन विमानाच्या सांगाड्यास जोडीत. धातूच्या पिंजऱ्यांत बाहेरची वीज शिरत नाहीं, हें फॅरेडेनें १८३६ सालीं दाखविलें होतें. येथें त्याच युक्तीनें चोराला घरांत कोंडलें.

दुसरा अपराधी प्रवाशाच्या हातांतून आला. एफ. एम. रेडिओ केवळ ऐकतो असें आपण समजतों. पण ऐकण्यासाठीं त्याला स्वतःच्या आंत एक कंपन निर्माण करावें लागतें. तें सामान्यतः केंद्राच्या कंपनसंख्येहून १०.७ मेगाहर्ट्झनें अधिक असतें. म्हणजे १०० मेगाहर्ट्झवरील गाणें ऐकणारा रेडिओ ११०.७ वर आपलें क्षीण गुणगुणणें बाहेर सोडतो. आणि १०८ ते ११८ हा पट्टा तर विमानाला दिशा दाखविणाऱ्या केंद्रांचा! म्हणून अमेरिकेंत १९६१ सालीं उड्डाणांत असे रेडिओ वापरण्यास मनाई झाली.

तिसरा अपराधी संगणकाचा वीजपुरवठा. पूर्वी यासाठीं जड ट्रान्सफॉर्मर लागे. नव्या पद्धतींत वीज सेकंदास हजारों, लाखों वेळां तोडून जोडतात, त्यामुळें यंत्र हलकें होतें. १९७७ च्या ॲपल-२ मध्यें हीच पद्धत होती. परंतु प्रत्येक तोडजोडींतून मूळ कंपनाच्या पटींत असंख्य कंपनें उसळतात. तीं चढत चढत ११८ ते १३७ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे वैमानिकांच्या संभाषणाच्या पट्ट्यापर्यंत पोंचतात. पुरवठ्याची लांब तार अँटेनाचेंच काम करते. आणि लहान विमानांत खरी अँटेना तेथून अवघ्या कांहीं फुटांवर असते. अमेरिकेनें १९७९ सालीं संगणकांच्या अशा उत्सर्गास मर्यादा घातली खरी. पण ती शेजाऱ्याच्या रेडिओ-दूरचित्रवाणीचा विचार करून. विमानांतल्या उपकरणांसाठीं १९७५ पासून डीओ-१६० नांवाची निराळी, अधिक कडक कसोटी आहे. बाजारांतल्या साध्या पुरवठा-यंत्राची ती सहसा झालेली नसते.

उपाय मात्र जुन्याच वळणाचे आहेत. प्रथम पुरवठ्याची तार विमानाच्या विजेपासून काढून संगणक त्याच्या बॅटरीवर चालवावा. खरखर थांबली तर चोर सांपडला. मग तारेवर फेराइटचें कडें बसवावें, जाण्यायेण्याच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन न्याव्या, तोंडाशीं कॅपॅसिटरची गाळणी लावावी, पेटी धातूची असावी, आणि सारें अँटेनाच्या तारेपासून दूर ठेवावें. एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर तें यंत्र विमानांत वापरूं नये.

रेडिओचा आवाज वाढवून कांहीं साधत नाहीं. त्याबरोबर खरखरहि वाढते. ढगांत सांपडलेला वैमानिक खालीं उतरण्याच्या सूचनेची वाट पाहत असतो, तेव्हां दूरच्या केंद्रावरून येणारा शब्द फार क्षीण असतो. तो एकच शब्द ऐकूं यावा, यासाठीं ही शंभर वर्षांची खटपट आहे.