एक नोंद, दोन ठिकाणी

आज आपण कॉम्प्युटरमधला हिशेब जपायच्या रीतीचा इतिहास ऐकू या. सुरुवात आमच्याच गटापासून करतो.

आमच्या गटाचा हिशेब एका ताईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता. एका पावसाळ्यात विजेची ये-जा चालली होती आणि एके दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांचा हिशेब तिच्याबरोबर गेला. मग सगळ्यांची पासबुकं गोळा केली आणि वही पुन्हा लिहिली. एका मैत्रिणीचं पासबुक मात्र वाळवीनं खाल्लं होतं. कर्जाचे चार हप्ते भरलेत, असं ती सांगत होती. आम्ही तिच्या शब्दावर ते जमा धरले. पण त्या बैठकीत तिला मान खाली घालून बसावं लागलं, ते आम्हाला अजून टोचतं.

खरं तर एकच नोंद पासबुकात आणि गटाच्या वहीत करायची, ही आपली जुनी रीत. कॉम्प्युटरवाले तिलाच बॅकअप म्हणतात. कॉम्प्युटर घरात आला आणि आम्ही तीच विसरलो.

ही अडचण कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. 1983 साली अमेरिकेत आयबीएम कंपनीचा पीसी एक्सटी आला. त्याची हार्ड डिस्क 10 एमबीची, म्हणजे आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो मावतील एवढी. त्याच्या डॉस प्रणालीत बॅकअप नावाची आज्ञा होती. पण एका फ्लॉपीत 360 केबी मावायचे. पूर्ण भरलेली डिस्क उतरवायला तीसेक फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. साधन घरात होतं, पण एवढा खटाटोप रोज कोण करणार?

पुढे हे काम यंत्राकडेच सोपवलं गेलं. 2007 साली अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरमध्ये टाइम मशीन आलं. 2012 साली विंडोज 8 मध्ये फाइल हिस्टरी आली. बाहेरची डिस्क जोडून एकदा चालू केलं, की ही साधनं दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत काढतात. चुकून पुसलेली फाइलही मागच्या तारखेची मिळते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त दुसरी डिस्क हवी.

विंडोज 10 आणि 11 मध्येही फाइल हिस्टरी आहे. कंट्रोल पॅनेल उघडा, फाइल हिस्टरी शोधा, डिस्क जोडून 'टर्न ऑन' दाबा. एक ध्यानात ठेवा, ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागांचीच प्रत काढते. हिशेबाची फाइल दुसरीकडे असेल, तर ती डॉक्युमेंट्समध्ये आणा.

आता आमच्या गटात डिस्क आठवड्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी जोडतो. प्रत निघाली की ती दुसऱ्या ताईंच्या घरी जाते. पाणी शिरलं, वीज पडली, तरी दोन्ही घरं एकदम जाऊ नयेत. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एक फाइल परत उघडूनही बघतो. न उघडलेल्या डब्यात धान्य आहे की किडे, ते कसं कळणार?

आणि पासबुकं? ती अजूनही लिहितो, पेनानंच. आता हिशेबापायी कुणाला मान खाली घालावी लागू नये.