व्हेनेझुएला : साठे अफाट, उत्पादन तोकडे

जगातील सर्वांत मोठे खनिज तेलसाठे सौदी अरेबियात नसून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील व्हेनेझुएलात आहेत. तेल निर्यातदार देशांच्या ‘ओपेक’ संघटनेच्या आकडेवारीनुसार या देशाचे सिद्ध साठे सुमारे ३०३ अब्ज पिंपे असून सौदीचे सुमारे २६७ अब्ज पिंपे आहेत. (एक पिंप म्हणजे १५९ लिटर.) उत्पादनाचे चित्र मात्र नेमके उलटे आहे. २०२४ मध्ये व्हेनेझुएलात दिवसाला जेमतेम नऊ लाख पिंपे तेल निघत होते, तर सौदीत त्याच्या सुमारे दहापट.

या तफावतीचे मूळ तेलाच्या जातीत आहे. माराकाइबो सरोवराच्या परिसरात १९१४ पासून तेल काढले जाते. १९२२ मध्ये तेथील एका विहिरीतून तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि देश जगाच्या नकाशावर आला. आजचे बहुतांश साठे मात्र ओरिनोको नदीच्या पट्ट्यात आहेत. तेथील तेल डांबरासारखे दाट, पाण्याइतके जड आणि गंधकयुक्त असते. नाफ्थासारखे पातळ द्रव्य मिसळल्याशिवाय ते नळातून वाहत नाही. ते शुद्ध करण्यासाठीही खास यंत्रणा लागते.

हे तेल तेथे आहे, हे पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही २००० च्या सुमारास देशाचे सिद्ध साठे ८० अब्ज पिंपांहून कमी मानले जात. चालू भावात जे काढणे परवडते तेच ‘सिद्ध’. पुढे तेलाचे भाव चढले, नवी मोजणी झाली आणि ओरिनोकोचे तेल हिशेबात आल्याने २०११ च्या सुमारास व्हेनेझुएलाने सौदीला मागे टाकले. २०१४ नंतर भाव कोसळले, पण कागदावरील आकडा उतरला नाही. त्यामुळे तो जपूनच वाचलेला बरा.

१९७० च्या सुमारास येथील उत्पादन दिवसाला ३५ लाख पिंपांवर गेले होते. १९७६ मध्ये तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन ‘पीडीव्हीएसए’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २००२-०३ च्या संपानंतर अध्यक्ष ह्युगो चावेझ यांच्या राजवटीत या कंपनीतील सुमारे १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत अनुभवी अभियंते मोठ्या संख्येने होते. ही हानी कधीच भरून निघाली नाही. २००७ मध्ये ओरिनोकोतील प्रकल्पांत सरकारने बहुसंख्य हिस्सा घेतल्यावर एक्सॉनमोबिल व कोनोकोफिलिप्स या कंपन्या बाहेर पडल्या. कंपनीचा पैसा सरकारी योजनांकडे वळला, विहिरींची देखभाल रखडली. २०१९ मध्ये अमेरिकेने ‘पीडीव्हीएसए’वर निर्बंध लादण्यापूर्वीच उत्पादन निम्म्याहून खाली आले होते. २०२० च्या मध्यास ते चार लाख पिंपांच्याही खाली गेले.

भारताचाही यात हितसंबंध आहे. ‘ओएनजीसी विदेश’ने २००८ मध्ये सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला, मात्र लाभांशाची मोठी रक्कम तेथे अडकून पडली. जामनगरच्या रिलायन्स शुद्धीकरण प्रकल्पात असे जड तेल पचवण्याची क्षमता असल्याने निर्बंधांपूर्वी भारत या तेलाच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक होता.