डेस्कटॉप संगणकावरील युनिक्स-सदृश शेल : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत संगणकाचे दोन भिन्न अनुभव एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. आंबेगावच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे हे गाव आहे. घोड नदीचा उगम, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई, हिरड्याची झाडे, महादेव कोळी समाजाची वस्ती आणि मुरबाडकडे उतरणारा आहुपे घाट ही त्याची ओळख. दुसरीकडे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. आहुपे व तिच्यासारख्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक भेटतो तो बहुधा चित्रे, खिडक्या आणि माउस यांच्या रूपाने. खोडदच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला मात्र अक्षरांत लिहिलेल्या आज्ञांशिवाय पाऊल टाकता येत नाही. हा भेद आज यंत्रांच्या किमतीचा उरलेला नसून सवयीचा आणि अध्यापनाचा आहे, हे इतिहासाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शेलचा उगम व स्वरूप :

शेल म्हणजे कवच. कार्यप्रणालीचा गाभा आणि वापरणारा यांच्यामध्ये राहून टंकलिखित आज्ञा वाचणारी व त्या पार पाडून घेणारी आज्ञावली, असे तिचे स्वरूप सांगता येईल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राला बांधलेली राहिली नाही. त्याच वर्षी डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये ‘पाइप’ ही सोय आली. एका आज्ञेतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती देणे, इतकाच तिचा अर्थ. परंतु तीमुळे एकेक लहान काम चोख करणारी अवजारे जोडून मोठे काम साधण्याची पद्धत रूढ झाली. पुढे १९७९ मध्ये आलेल्या बॉर्न शेलने आज्ञांची मालिका लिहून ठेवून ती पुन्हा पुन्हा चालविण्याची रीत स्थिर केली.

भारतातील प्रवेश :

भारतात ही पद्धत प्रथम संशोधन संस्थांच्या खोल्यांत रुजली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी सहभागी होत्या. युनिक्स यंत्रांमधील यूयूसीपी या निरोप-पद्धतीवर आपल्याकडील आरंभीची ई-मेल चालली. सर्वसामान्य ग्राहकाला शेलचे दर्शन घडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केल्यानंतर. स्वस्त ‘शेल खाते’ घेणाऱ्याच्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. घरचा संगणक मोडेमद्वारे दूरच्या यंत्राचा निव्वळ पडदा व कळफलक बनत असे. शेल तेव्हाही दुसऱ्याच्या यंत्रावरच होती, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

शेल स्वतःच्या यंत्रावर :

हे अंतर मिटविणारी घटना परवान्यांच्या इतिहासात घडली. युनिक्सवर एटी अँड टी या कंपनीचा हक्क होता. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी पण मुक्त अशी ग्नू प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. त्या प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेली ‘बॅश’ ही शेल १९८९ मध्ये आली. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने साध्या ३८६ संगणकावर लिनक्सचा गाभा लिहिला. दोहोंच्या मिलाफातून घरगुती संगणकावर युनिक्स-सदृश परिसर उभा राहिला. विंडोज न सोडता तोच परिसर हवा असणाऱ्यांसाठी १९९५ मध्ये सिग्विन आले. २०१६ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनेच विंडोजच्या पोटात लिनक्स चालविण्याची सोय दिली. एकेकाळी परवाना व महागडे यंत्र या दोन कुलपांमागे असलेली वस्तू अशा रीतीने मेजावर आली.

खोडदचा दाखला :

जीएमआरटी ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राची दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येकीशी पडताळावा लागतो. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात.

आरंभी हा पडताळा खास बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होता. पुढे तेथील अभियंते व शास्त्रज्ञ यांनी बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह, लिनक्स आणि स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्या यांच्या बळावर हेच काम करून दाखविले. या सॉफ्टवेअर यंत्रणेचे वर्णन २०१० मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये वर्णिलेल्या अद्ययावत दुर्बिणीत संकेतपट्ट्याची रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. त्यासाठी विशेष पट्ट्यांच्या जोडीला ग्राफिक्स प्रोसेसर असलेले संगणक वापरले गेले.

निरीक्षणानंतरचे कामही बोधप्रद आहे. दुर्बिणीची एलटीए स्वरूपातील नोंद ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ या आज्ञांनी खगोलशास्त्रात सर्वमान्य असलेल्या फिट्स स्वरूपात आणली जाते. त्यानंतर एआयपीएस किंवा कासा या संचांतून प्रतिमा तयार होते. हे सर्व लिनक्स असलेल्या संगणकावर करता येते. ठरावीक मुदतीनंतर निरीक्षणे संग्रहातून इतर अभ्यासकांनाही मिळतात. अर्थात एकटा डेस्कटॉप दुर्बिणीच्या संगणक-समूहाची जागा घेईल असे नाही. परंतु दोहोंची भाषा एक आहे, हे महत्त्वाचे.

मराठी मजकूर आणि शेल :

या परिसराचा उपयोग केवळ भौतिकशास्त्राला आहे असे समजणे योग्य ठरणार नाही. समजा, वनस्पतिशास्त्र विभागाने आहुपे येथील देवराईत फिरून दिसलेल्या प्रत्येक वृक्षाचे नाव एकेका ओळीवर लिहिले. ‘सॉर्ट’ या आज्ञेने समान नावे एकत्र येतात, ‘युनिक’ ही आज्ञा ती मोजते आणि पुन्हा ‘सॉर्ट’ केल्यास सर्वाधिक आढळलेला वृक्ष वर येतो. ‘युनिक’ फक्त लगतच्या ओळी ताडून पाहते, म्हणून आधी क्रम लावावा लागतो. हिरडा किती आणि जांभूळ किती, याचे उत्तर एका ओळीच्या आज्ञेत मिळते. तीच ओळ जपून ठेवल्यास पुढच्या वर्षीची नोंद त्याच रीतीने मोजता येते व इतरांना ती तपासता येते. संशोधनाच्या पडताळणीच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

मात्र येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या १९९२ मध्ये आखलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा, युनिकोडला पाच चिन्हांचा आणि बाइट मोजणाऱ्या आज्ञेला पंधरांचा वाटतो. केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावल्यास ‘ळ’ हा वर्ण ‘ल’च्या लगेच मागे जातो. आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. म्हणून शेल मांडताना मराठीचा स्थानिक नियमसंच निवडून क्रम तपासून घ्यावा लागतो. समान रुंदीच्या चौकटींत अक्षरे बसविणाऱ्या पडद्यावर जोडाक्षरे व मात्रा विसकटण्याचा अनुभवही येतो. हे दोष विद्यार्थ्यापासून लपविण्याऐवजी अभ्यासविषय करणे अधिक हिताचे आहे.

महाविद्यालयांपुढील प्रश्न :

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे संगणक मोडीत काढावेत की त्यांवर लिनक्स मांडावी, हा निर्णय विभागांना घ्यावा लागणार आहे. मांडणी अवघड नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी चालवून पाहावी, उपयुक्त माहितीची प्रत काढून घ्यावी आणि मगच ती यंत्रावर बसवावी. ज्या यंत्रावर विंडोज आवश्यक आहे तेथे तिच्या पोटातील लिनक्सची सोय पुरते.

अडचणी नाहीत असे नव्हे. आज्ञांची नावे इंग्रजीच्या लघुरूपांतून आली आहेत. चुकीच्या आज्ञेने पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत सापडत नाही. शिक्षकांना स्वतः सराव करावा लागतो. परंतु या अडचणी वेळ मागतात, मोठा निधी मागत नाहीत.

समारोप :

शेलचा इतिहास हा यंत्र उघडून पाहण्याचा अधिकार कोणाकडे असावा याचा इतिहास आहे. हा अधिकार प्रयोगशाळेतून संशोधन संस्थांकडे, तेथून दूरध्वनीच्या तारेने ग्राहकाकडे आणि अखेर प्रत्येकाच्या मेजावर आला. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आपले विद्यार्थी खोडदला जातात, अँटेना पाहतात आणि परत येतात. त्यांनी तेथे केवळ प्रेक्षक म्हणून जावे की तेथील निरीक्षणे स्वतःच्या महाविद्यालयात उलगडून पाहावीत, याचे उत्तर आता दुर्बिणीपाशी नाही. ते आपल्या संगणक कक्षात आहे. आहुपे येथून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर कोणता पडदा उघडावयाचा, हे ठरविणे आपल्या हाती आहे.