यंत्राला जात नसते? साचेखात्याला विचारा!

सीबीएसईने २०१९ पासून नववीच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आणला. पोरे आता एआयला प्रश्न विचारतात आणि त्याच्या उत्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. का? तर म्हणे, यंत्राला जात नसते, यंत्र भेदभाव करत नाही!

मित्रांनो, हे गिरणगावात येऊन सांगा.

परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतखात्यात काम मिळे, पण जास्त मजुरीच्या साचेखात्याचे दार बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीने भिजलेला दोरा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचा विलायतेतून आला होता, त्याला विटाळ ठाऊक नव्हता. विटाळ त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यात होता.

१९२८ साली सुमारे सहा महिने चाललेल्या गिरणी संपात, परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्यांना सर्व खाती खुली करा, ही मागणी त्यांनी नाइलाजाने स्वीकारली. आणि मालक? हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही, म्हणून त्यांनी हात झटकले.

आता कल्पना करा. त्या काळच्या गिरणीचे हजेरीपट आजच्या एखाद्या एआयला शिकायला दिले आणि विचारले, "विणकर म्हणून कुणाला घ्यावे?" त्यात एकही अस्पृश्य विणकर सापडला नसता. यंत्राने शांतपणे उत्तर दिले असते, "हे लोक विणकामास योग्य नाहीत." जातीचा उल्लेखही न करता यंत्राने जात पाळली असती. एआय मागच्या नोंदींवर शिकते, आणि आपल्या समाजाच्या मागच्या नोंदी कुणी, कुणाला वगळून लिहिल्या, हे आपल्याला सांगायला नको.

हे नुसते कल्पनेतले नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या कृष्णवर्णीय संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत!

म्हणून पोरांना एआयपासून दूर ठेवायचे का? मुळीच नाही. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात उत्तर दिले आहे: दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे. यंत्र आपल्याला हवेच, पण डोळे उघडे ठेवून.

आमचे म्हणणे एवढेच की, वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांना तीन प्रश्न शिकवा. हे यंत्र कुणाच्या नोंदींवर शिकले? त्या नोंदींत कोण नाही? आणि ते चुकले तर जबाबदार कोण? मग त्यांना एआयकडून एका सफाई कामगाराची आणि एका शास्त्रज्ञाची गोष्ट लिहून घ्यायला सांगा. दोघांची नावे, आडनावे, घरे वहीत उतरवा आणि त्यावर चर्चा घडवा. शेवटी घरातल्या आजी-आजोबांना विचारायला लावा, गिरणीत आपले लोक कोणत्या खात्यात होते?

"आम्ही जबाबदार नाही" हे मालकांचे उत्तर आज कंपन्यांच्या तोंडी आहे. १९२८ साली प्रश्न विचारणारे बाबासाहेब होते. आता ते आपल्या दहावीच्या पोरीने विचारले पाहिजेत.

जय भीम!