न्यायाधीश कोण निवडतं? दिल्लीतला वाद आणि आपल्या तालुक्याचं कोर्ट

जमिनीचा दावा असो, पोटगी असो की जामीन, अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या माणसाला कधी ना कधी कोर्टाची पायरी चढावी लागते. पण समोरच्या न्यायाधीशांना तिथं नेमलं कोणी, हे बहुतेक घरांत माहीत नसतं. आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

वाद कशाचा?
घटनेच्या कलम १२४ नुसार सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात, पण न्यायाधीशांशी विचारविनिमय करून. यात शेवटचा शब्द कोणाचा, हाच वाद. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी तो एकट्या सरकारच्याही हाती ठेवला नाही आणि एकट्या सरन्यायाधीशांच्याही नाही.

१९७३ मध्ये सरकारनं तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. १९७७ मध्ये न्या. एच. आर. खन्ना डावलले गेले आणि न्या. एम. एच. बेग आले. पुढं १९९३ आणि १९९८ मध्ये कोर्टानं कॉलेजियम पद्धत पक्की केली. सुप्रीम कोर्टासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश नावं सुचवतात.

२०१४ मध्ये संसदेनं राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात तीन न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर असे सहा जण होते. मान्यवरांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिलांमधून घ्यायचा होता. १६ ऑक्टोबर २०१५ ला कोर्टानं ४ विरुद्ध १ मतानं आयोग रद्द केला.

दोन्ही बाजू
कॉलेजियमवर आक्षेप असा, की न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि बाहेर काही कळत नाही. आयोगावर आक्षेप असा, की कोर्टात सर्वांत जास्त खटले सरकारचेच, मग निवडीत सरकारचा हात कसा चालेल? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आज सरकार कॉलेजियमची नावं अडवून ठेवू शकतं, हाही मोठा दोष आहे.

आपल्या मुलांचा दरवाजा
आपला जिल्हा मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. हायकोर्टापर्यंतच्या नेमणुका कॉलेजियममधून होतात. पण श्रीरामपूर, संगमनेर, नेवाशाच्या कोर्टातले दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) कॉलेजियम निवडत नाही. ते एमपीएससीच्या परीक्षेतून येतात आणि त्याची जाहिरात सर्वांसाठी निघते. २० मे २०२५ च्या निकालानं सुप्रीम कोर्टानं त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. जिल्हा न्यायाधीशपदासाठी थेट अर्ज करायचा तर किमान सात वर्षं वकिली, किंवा वकिली आणि न्यायाधीशपदाचा मिळून तेवढा अनुभव लागतो.

आपल्या घरात मुलगी बारावीत हुशार निघाली की डीएड, नर्सिंग नाही तर लग्न, एवढंच बोललं जातं. एलएलबीचं नाव निघत नाही. वरच्या कोर्टात आपली माणसं किती, असं आपण विचारतो. ते विचारायलाच हवं. पण वर जाणारी नावं वकिलांतून आणि खालच्या न्यायाधीशांतूनच निघतात. तेव्हा यंदा बारावी झालेल्या मुला-मुलींसमोर लॉ सीईटीचा विषय एकदा तरी काढा.