‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

राजवाड्यातील कारस्थानाची गोष्ट ऐकताना माणूस नुसता श्रोता राहत नाही. तो न्यायाधीश होऊन बसतो. विष कोणी घातले, पत्र कोणी फोडले, दासी कोणाची हेर होती, याचा निकाल तो गोष्ट संपण्यापूर्वीच देऊन टाकतो. आजची मुले परदेशी कादंबऱ्यांतील काल्पनिक राज्यांविषयी असे तर्क तासन् तास लढवितात आणि वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. पण वडीलधाऱ्यांनी फार रागावू नये. हाच खेळ पुणेकर अडीचशे वर्षे खेळत आले आहेत, आणि त्यांच्या खेळातला वाडा खरा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत स्वारगेटच्या स्थानकावर पोराबाळांसह उतरलेल्या कुटुंबाला शनिवारवाडा पाहायचा असतोच. २०२४ सालापासून भुयारी मेट्रोने कसबा पेठेपर्यंत काही मिनिटांत जाता येते. वाडा दिसण्यापूर्वीच मात्र त्याची गोष्ट सुरू झालेली असते. रिक्षावाला म्हणा, शेजारचा प्रवासी म्हणा, बरोबरची आजी म्हणा, कोणीतरी सांगतेच: पुतण्या ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावला, आणि काकूने आधीच ‘ध’चा ‘मा’ करून ठेवला होता!

घडले ते असे. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव थेऊरला वारले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव यांचा पेशवाईवर डोळा होता. त्यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भरदुपारी सुमेरसिंग वगैरे गारदी थकलेल्या पगाराचा गलका करीत वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा जीव घेऊन चुलत्याकडे धावला आणि तेथेच मारला गेला. त्याला वाचवू पाहणारे चापाजी टिळेकर यांच्यासारखे सेवकही कापले गेले.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. रघुनाथरावांचे म्हणणे पडले की, आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. येथूनच त्या प्रसिद्ध तर्काला वाट मिळाली. कागदावर ‘धरावे’ होते. आनंदीबाईंनी ‘ध’ पुसून ‘मा’ केला आणि झाले ‘मारावे’! एक अक्षर, एक काना, आणि एका राज्याचे भवितव्य फिरले. याहून सुबक गोष्ट कोणत्या कादंबरीकाराला सुचेल? ग्रँट डफने ती १८२६ साली आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली, तीही लोकांची समजूत म्हणून. तेव्हा खुनाला ५३ वर्षे होऊन गेली होती. पुढे खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले, १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला, आणि आनंदीबाई घरोघर पोहोचल्या. भाषेनेही साक्ष दिली: कोणी शब्द फिरवला की आपण सहज म्हणतो, ‘याने ध चा मा केला.’

आता हेतू तपासू. सर्वसाधारण समज असा की, आपला मुलगा गादीवर बसावा म्हणून बाईंनी हे केले. पण तो मुलगा, म्हणजे दुसरे बाजीराव, जन्मले १७७५ च्या जानेवारीत, खुनानंतर सुमारे सव्वा वर्षाने! १७७३ साली त्या घरात होते ते दत्तक घेतलेले अमृतराव. पुढे बाजीराव पेशवे झाले, त्यांच्याच हातून राज्य गेले, आणि मग लोकांनी शेवट पाहून आरंभ रचला. आनंदीबाई निर्दोष होत्या असे यावरून सिद्ध होत नाही. नवरा कैदेत पडलेल्या बाईला राग असणारच. पण राग असणे निराळे आणि अक्षर फिरवणे निराळे.

ही खोड आपल्याच लोकांची आहे असेही नाही. इंग्लंडात १४८३ साली तिसऱ्या रिचर्डच्या ताब्यातले दोन अल्पवयीन पुतणे लंडनच्या किल्ल्यातून नाहीसे झाले. चुलत्यानेच ते मारले की दुसऱ्या कोणी, यावर तेथे अजून वाद चालतो. रिचर्डची बाजू मांडण्यासाठी १९२४ साली एक मंडळही निघाले. त्या चुलत्याला निदान वकील तरी मिळाले. आमच्या काकूच्या वाट्याला म्हण आली.

आणि त्या म्हणीचा फायदा कोणाला झाला, तेही पाहिले पाहिजे. ‘मा’ बाईंचा ठरला की ‘ध’ आपोआप निरुपद्रवी होतो. रघुनाथराव भोळे, बायकोच्या मुठीतले, फसलेले ठरतात. पण त्यांचे स्वतःचेच म्हणणे खरे धरले, तरी काय उरते? राज्याच्या धन्याला धरण्यासाठी त्यांनी पगारासाठी खवळलेले हत्यारबंद शिपाई वाड्यात सोडले. अशा हातांत ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांत अंतर ते किती? शिवाय ज्याला वाचवायचे, तो पुतण्या तर त्यांच्यापाशीच पोहोचला होता.

रामशास्त्र्यांना हे कळले होते. अक्षर कोणी फिरवले या कोड्यात ते अडकले नाहीत. त्यांनी रघुनाथरावांनाच दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि अशा धन्याची चाकरी नको म्हणून पुणे सोडून वाईकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना दूर केले, गंगाबाईंच्या पोटी १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि शास्त्रीबोवांना पुन्हा सन्मानाने बोलावण्यात आले. आनंदीबाई १७९४ साली वारल्या. त्यांच्यावरचा आरोप मात्र कोणत्याही न्यायासनापुढे न जाता आजतागायत चालू आहे.

वाडा पाहून कुटुंब स्वारगेटला परत येते. वाईची गाडी फलाटाला लागलेली असते. मुले अजून ‘काका, मला वाचवा’ घोळवीत असतात. त्यांना जागा मिळवून देता देता आजीने एवढेच सांगावे: पत्रात काय लिहिले होते ते असो, पण हुकूम कोणाचा होता हे विचारणारा माणूस पुणे सोडून याच दिशेला गेला होता.