लेण्यांचे कारागीर आणि नवे उद्योग

काही देशांत इंटरनेटवरचे नवे उद्योग, ज्यांना आज स्टार्टअप म्हणतात, पावसाळी गवतासारखे उगवतात. आणि काही देशांत माणसे तितकीच हुशार असूनही ते बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. असे का, म्हणून विचारले की आपल्याकडची उत्तरे ठरलेली असतात: भांडवल नाही, सरकारची साथ नाही, आणि आपल्या माणसांत धाडस नाही. यांतले तिसरे उत्तर आम्हांस मुळीच मान्य नाही. वेरुळास ज्यांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली मंदिर कोरीत नेले, त्यांना चुकून उडालेला दगड पुन्हा जागी बसविता येत नव्हता. धाडस म्हणतात ते याहून निराळे काय असते?

परंतु कैलास लेणे काही एकाएकी आकाशातून उतरले नाही. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याआधी कांचीचे कैलासनाथ मंदिर झाले, मग चालुक्यांच्या राणीने पट्टदकल येथे विरूपाक्षाचे मंदिर बांधविले. या तिन्हींतील साम्य पाहून, कारागीर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले असावेत असे अनेक अभ्यासकांना वाटते. राज्ये आपसांत लढत होती आणि छिन्नी सीमा ओलांडीत होती. शिवाय वेरुळास हात बसलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या होतीच. दहाव्या लेण्यात लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल दगडात उतरविली आहे. त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, ते उगीच नव्हे.

आता कॅलिफोर्नियाकडे पाहा. 1957 साली आठ जण शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी काढली. त्यांच्यापैकी दोघांनी 1968 मध्ये इंटेल स्थापन केली. नोकरी सोडणाऱ्यास पुढे तोच धंदा करण्याची मनाई करणारा करार तेथे 1872 च्या दिवाणी संहितेने रद्दबातल ठरविलेला आहे. जपानात उलट चित्र दिसले. मोठ्या कंपनीत शिरावे आणि तेथूनच निवृत्त व्हावे ही युद्धोत्तर काळातली रीत. मग अनुभवी माणूस बाहेर पडणार केव्हा?

कायदाच कारण असता तर आपणही मागे राहावयास नको होते. त्याच 1872 साली हिंदुस्थानात झालेल्या करार कायद्याचे 27 वे कलम जवळजवळ तेच सांगते, कारण न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांचा मसुदा दोन्हींच्या मुळाशी आहे. (मराठवाडा तेव्हा निजामाचा, हे खरे.) कलम एक, पीक निराळे.

आमच्या मते कारागिराने एक लेणे सोडले तर हाकेच्या अंतरावर दुसरे चालू असावे लागते. इन्फोसिसचेच पाहा. 1981 मध्ये पटणी कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी ती पुण्यात काढली. बाहेर पडणे सोपे होते. पण साध्या टेलिफोनसाठी वाट पाहावी लागे आणि संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. 1983 मध्ये कंपनी बंगळूरला गेली. तेथे भारतीय विज्ञान संस्था, हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी जाणकारांचा मेळा आधीच जमविला होता.

आमच्याकडे असा मेळा जमला तो लोखंडाचा. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि भोवती सुट्या भागांचे लहान कारखाने उभे राहिले. येथे एका कारखान्यातला लेथवाला दुसऱ्या कारखान्यात जातो, चार पैसे साठले की स्वतःचे यंत्र घेतो, आणि ते बुडालेच तर सोमवारी शेजारच्या शेडमध्ये कामावर उभा राहतो. संगणकावर काम करणाऱ्या मुलाला ती शेजारची शेड येथे सहसा सापडत नाही. त्याची कंपनी बंद पडली की तो पुण्याची गाडी धरतो. आणि बुडताना जे शिकला तेही त्याच गाडीने जाते.